हिवाळ्यातला टोमॅटो आणि ऋतूची मर्यादा

आइसलँडमध्ये टोमॅटोला ऋतू उरलेला नाही. राजधानी रेक्याविक 64 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य जेमतेम चार तास क्षितिजावर असतो, आणि तेवढ्या वेळातही फारसा वर चढत नाही. उन्हाळाही इतका गार की उघड्या शेतात टोमॅटो पिकवण्याची आशा कोणी धरत नाही. तरीही दक्षिणेकडच्या रेकहोल्टसारख्या गावांतल्या काचघरांत, बाहेर बर्फाचे वादळ सुरू असताना, दोरीवर चढवलेल्या झाडांना लाल टोमॅटोचे घोस लोंबत असतात. सकाळी तोडलेले फळ दुपारी सूपमध्ये असते, तेही जानेवारीत.

यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. देश ज्वालामुखींवर वसलेला असल्यामुळे जमिनीखाली थोड्याच खोलीवर उकळत्याच्या जवळपास पोहोचलेले पाणी सापडते. रेकहोल्टच्या एका प्रसिद्ध टोमॅटो-बागेत ते सुमारे 95 अंश सेल्सियसला काचघरात येते आणि नळ्यांच्या जाळ्यातून फिरून आपली ऊब देऊन जाते. अशा पाण्यावर काचघर तापवण्याची सुरुवात आइसलँडमध्ये 1924 साली झाली. मात्र नुसत्या उबेवर टोमॅटो येत नाही. त्याला उजेड लागतो. म्हणून हिवाळाभर झाडांच्या डोक्यावर दिवे जळतात, पूर्वी सोडियमचे, आता अधिकाधिक एलईडी. मुळे मातीऐवजी बहुधा ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या चुऱ्यात वाढतात आणि त्यांना पाणी व खत मोजून दिले जाते. पानांना कार्बन डायऑक्साइडही जादा पुरवतात. आणि फलधारणेसाठी युरोपातून खोक्यांत भरून भुंगे आणतात. टोमॅटोच्या फुलातला पराग परागकोशात बंद असतो आणि फूल थरथरल्याशिवाय तो बाहेर पडत नाही. पूर्वी मजूर हातातल्या कंपनयंत्राने एकेक घोस हलवत असत. 1980च्या दशकाच्या अखेरीस बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये भुंग्यांची व्यापारी पैदास सुरू झाली, आणि ते काम भुंग्यांकडे गेले. या फुलांत मध नसतो, म्हणून खोक्यात साखरेचे पाणीही ठेवावे लागते.

सूर्य, पाऊस, माती आणि वारा ही चारही कामे इथे माणसाने हाती घेतली आहेत. त्यातून उठणारा प्रश्न शेतीशास्त्राचा नाही. ज्या काळी जे पिकत नाही, ते त्या काळी पिकवून आनंदाने खाणे, यात सृष्टीच्या क्रमाची काही अवज्ञा आहे काय? प्रश्न टोमॅटोहून पुष्कळ जुना आहे आणि जगातल्या अनेक परंपरांनी तो गंभीरपणे घेतलेला आहे.

चीनच्या हान राजवटीच्या इतिहासात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली एक नोंद आहे. राजवाड्याच्या मुदपाकखान्यासाठी हिवाळ्यात कांद्याची पात आणि पालेभाज्या पिकवल्या जात. वाफ्यांवर छप्पर घालून आत रात्रंदिवस धुमसता विस्तव ठेवत, आणि त्या उबेवर पाला वाढे. शाओ शिन-छेन नावाच्या अधिकाऱ्याने ही प्रथा बंद करण्याची विनंती बादशहाला केली. त्याची कारणे अशी: या वस्तू अवेळी आहेत, त्या शरीराला अपाय करतात, आणि म्हणून सेवेत अर्पण करण्याजोग्या नाहीत. विनंती मान्य झाली आणि खजिन्याचा दरसालचा फार मोठा खर्च वाचला, असे इतिहासकार पुढे जोडतो. कन्फ्यूशियसच्या आहाराच्या वर्णनातही तो अवेळी काही खात नसे असे म्हटले आहे; काही भाष्यकार त्याचा अर्थ जेवणाच्या वेळा असा करतात, पण ऋतू हा अर्थही प्राचीन काळापासून रूढ आहे. याच विचारात वाढलेला कोरियाचा 15व्या शतकातला राजा सोंगजोंग याला थंडीत उबेवर फुलवलेली फुले नजर करण्यात आली, तेव्हा त्याने ती नाकारली. फुलणे ही आकाश आणि पृथ्वीच्या प्राणशक्तीची गोष्ट आहे, माणसाने ओढून आणलेला बहर आपल्याला आवडत नाही, अशी त्याची भूमिका होती.

रोममध्येही हाच वाद होता. सम्राट टिबेरियसला काकडीच्या जातीचे एक फळ रोज लागे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्यासाठी चाकांवरचे वाफे केले होते, ते उन्हात ढकलत नेत आणि थंडीच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवत. काचघराचा हा पूर्वजच म्हणावा लागेल. त्याच शतकातला तत्त्वज्ञ सेनेका आपल्या एका पत्रात, हिवाळ्यात गुलाबाची हाव धरणारे आणि कढत पाण्याच्या उबेने लिलीला भर थंडीत फुलवणारे लोक निसर्गाविरुद्ध जगत नाहीत काय, असे विचारतो. कढत पाणी आणि हिवाळा ही रेकहोल्टची जोडी त्याने दोन हजार वर्षांपूर्वी आरोपपत्रात नोंदवून ठेवली आहे. मात्र त्याच पत्रात तो रात्री जागून दिवसा झोपणाऱ्या श्रीमंतांवरही तोच आरोप ठेवतो. त्याला खटकत होती ती चैन, जिला साध्या आणि सर्वांना मिळणाऱ्या गोष्टीत रस उरत नाही.

याच्या अगदी उलट, अवेळी फळ हे कृपेचे चिन्ह मानणारी परंपराही तितकीच भक्कम आहे. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात वनवास संपवून परतणारा राम भरद्वाज मुनींकडे वर मागतो, तो असा की अयोध्येच्या वाटेवरच्या झाडांना अकाली फळे यावीत. आणि बरोबरच्या वानरसेनेसाठी ती वाट फळांनी भरून जाते. कुराणात येशूची आई मरियम प्रार्थनास्थळी एकांतात असताना तिचा पालक झकरिया जेव्हा जेव्हा आत येतो तेव्हा तिच्यापाशी अन्न आढळते. भाष्यकार त्याचे स्पष्टीकरण देतात की उन्हाळ्यात हिवाळ्याची आणि हिवाळ्यात उन्हाळ्याची फळे तिला ईश्वराकडून मिळत होती. इटलीतल्या कास्सिया गावच्या संत रीटाच्या कथेत ऐन थंडीत तिच्या बागेत गुलाब आणि अंजिरे सापडतात. मार्कच्या शुभवर्तमानात येशूला अंजिराच्या झाडावर फळ मिळत नाही, आणि तो अंजिराचा हंगाम नव्हता असे ग्रंथ स्वतःच सांगतो, तरी झाड शापित होते. या प्रसंगाने भाष्यकारांना पिढ्यान्‌पिढ्या कोड्यात टाकले आहे.

आणि तिसरा अर्थ महाभारतात आहे. भीष्मपर्वाच्या आरंभी व्यास धृतराष्ट्राला युद्धाची दुश्चिन्हे सांगतात, त्यांत रानातली झाडे ऋतू सोडून फुलू-फळू लागल्याचे सांगतात. एका महाकाव्यात जो वर, तोच दुसऱ्यात उत्पात. विसंगती वाटते ती वरवरची. दोन्हीकडे गृहीत एकच आहे: ऋतूची मर्यादा माणसाच्या हातची नाही. ती ओलांडली जाते तेव्हा ओलांडणारा कोणी मोठा असतो, प्रसन्न झालेला किंवा कोपलेला. मरियमच्या फळाचे मोल ते हिवाळ्यात मिळाले यात नाही, ते मागितल्याविना मिळाले यात आहे. काचघरातला टोमॅटो मात्र कोणी दिलेला नाही. तो हिशेबाने मिळवलेला आहे. जुन्या धर्मविचाराला गोंधळात टाकणारी गोष्ट हीच. आल्बेर्टुस माग्नुस या 13व्या शतकातल्या विद्वान साधूविषयी एक दंतकथा आहे. कोलोनच्या मठात त्याने भर जानेवारीत राजाला फुललेल्या उबदार बागेत मेजवानी दिली, आणि लोकांनी ती जादू ठरवली. चमत्कार म्हणावे तर देव दिसत नाही, आणि निसर्ग म्हणावे तर बाहेर बर्फ आहे. मग उरते ती जादू.

'निसर्गाविरुद्ध' हा आरोप टोमॅटोला लावून पाहिला की त्यातला कच्चेपणा लगेच दिसतो. टोमॅटोचे रानटी पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, अँडीज पर्वताच्या आसपासचे. लागवडीचा टोमॅटो मेक्सिकोत घडला आणि 16व्या शतकात युरोपात आला. आइसलँडमध्ये त्याचा कोणताच हंगाम निसर्गाने ठरवून दिलेला नाही, जुलैचाही नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की आपल्या उबदार मायदेशी हे झाड अनेक वर्षे जगू शकते. एका हंगामात उगवून मरणे हा त्याचा स्वभाव नाही; थंड मुलखातले हिम त्याला मारते म्हणून तिथे ते वार्षिक पीक झाले. काचघरात एकच झाड महिनोन्‌महिने वाढत आणि फळत राहते, तेव्हा ते आपल्या मूळ स्वभावाच्या जवळच असते. ऋतू झाडात नसतो आणि कॅलेंडरातही नसतो. झाड आणि ठिकाण यांच्या संबंधातून तो तयार होतो. ठिकाण बदलले, किंवा काचेच्या आत नवे ठिकाण उभे केले, की तो संबंध बदलतो.

आयुर्वेदाची ऋतुचर्या या आक्षेपाच्या बाजूने अनेकदा उभी केली जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतूनुसार आहार-विहार सांगतो, आणि त्यात हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो म्हणून स्निग्ध, जड अन्न सांगितले आहे. पण तिथला रोख खाणाऱ्याच्या शरीरावर आहे. कोणत्या काळी, कोणत्या देशी, कोणत्या माणसाला काय मानवते, हे चरकाचे विचारणे आहे. वस्तू कोणत्या महिन्यात पिकली, एवढ्यावरून तो तिला वाईट ठरवत नाही. शाओ शिन-छेनचे पहिले कारण, अवेळी वस्तू अपाय करते, हेही या कसोटीवर तपासावे लागते, आणि ताज्या टोमॅटोपुरते तरी ते टिकत नाही.

टिकते ते दुसरे, खर्चाचे. ते इतिहासकाराने शेवटी सहज जोडले आहे, पण खरा नैतिक भार त्यातच आहे. राजवाड्यातल्या मूठभर पालेभाजीसाठी रात्रंदिवस जळणारे सरपण कोणीतरी तोडत होते, वाहत होते आणि करातून भरत होते. अवेळी फळाचा प्रश्न म्हणजे त्याची किंमत कोण मोजतो हा प्रश्न. आजच्या टोमॅटोला तो विचारता येतो, आणि उत्तर ठिकाणागणिक वेगळे येते. ब्रिटनच्या सरकारी खात्यासाठी 2005 साली झालेल्या एका अभ्यासात इंधनावर तापवलेल्या ब्रिटिश काचघरांतल्या टोमॅटोमागे टनाला सुमारे 2,400 किलो कार्बन डायऑक्साइड धरला गेला, तर स्पेनहून ट्रकने आलेल्या टोमॅटोमागे सुमारे 630 किलो. जवळचे ते चांगले, ही सोपी समजूत इथे चुकीची ठरते. नेदरलँड्सची प्रचंड काचघरे प्रामुख्याने नैसर्गिक वायूवर चालत आली आहेत. 2021 नंतर वायूचे भाव भडकले तेव्हा तिथल्या अनेक बागायतदारांनी हिवाळ्यात दिवे बंद ठेवले.

म्हणून स्पेनचा टोमॅटो निर्दोष ठरतो असेही नाही. आल्मेरिया प्रांतात सुमारे 30,000 हेक्टर जमीन प्लास्टिकच्या छपरांखाली आहे. तिथे जळण लागत नाही, सूर्य पुरतो. पण भूजल उपसून उपसून खाली गेले आहे, किनाऱ्याकडे त्यात खारे पाणी शिरले आहे, आणि तोडणीचे काम करणाऱ्या मोरोक्कोच्या व पश्चिम आफ्रिकेच्या स्थलांतरित मजुरांपैकी अनेक जण प्लास्टिक आणि फळ्यांच्या झोपड्यांत राहतात. हिवाळ्यात उत्तर युरोपच्या ताटात पडणारी स्वस्त लाल फोड या झोपड्यांशी जोडलेली आहे. कार्बनचा आकडा कितीही लहान असला तरी ज्या अन्नात माणसाची अशी नागवणूक आहे त्याला शुद्ध म्हणता येत नाही. धर्मविचाराने सर्वांत ठाम राहायला हवे ते याच ठिकाणी.

या तुलनेत आइसलँडचा टोमॅटो हलका आहे. ऊब जमिनीची, वीज जवळजवळ पूर्णपणे जलविद्युत आणि भूगर्भातल्या वाफेची. तरी तोही फुकट नाही. धरणांनी तिथल्या निर्मनुष्य उंच पठारांचे काही भाग कायमचे पाण्याखाली घातले आहेत (मुख्यतः अॅल्युमिनियमच्या कारखान्यांसाठी, पण वीज एकाच जाळ्यातून वाहते), आणि खोक्यांतल्या भुंग्यांच्या वसाहती काही आठवड्यांनी संपतात व त्यांच्या जागी नव्या येतात. दुसऱ्या टोकाला लडाख आहे. तिथे हिवाळ्यात पारा उणे 20च्या खाली जातो आणि एके काळी रस्ते बंद झाले की महिनोन्‌महिने ताजी भाजी दिसत नसे. आता तीन बाजूंनी जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडे तिरपे प्लास्टिक असलेली घरे बांधतात. भिंती दिवसाचे ऊन साठवून रात्री ऊब सोडतात आणि जळणाविना पालक, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्या निघतात. भर थंडीत टोमॅटोपर्यंत ही ऊब सहसा पुरत नाही. जेवढे ऊन तेवढेच पीक, ही मर्यादा तिथे काचेच्या आतही पाळली जाते. लेहच्या एखाद्या घरातल्या मुलाला जानेवारीत हिरवी भाजी मिळणे यात कोणत्याही तत्त्वज्ञानाला हरकत घेण्यासारखे काही नाही. सेनेकालाही ती चैन वाटली नसती.

खर्चाचा हिशेब मिटला तरी एक धार्मिक प्रश्न शिल्लक राहतो. जे कायम आहे त्याबद्दल कृतज्ञता कशी वाटावी? यावर सर्वांत बारकाईने विचार ज्यू धर्मशास्त्राने केला आहे. वर्षातून एकदा येणारे फळ पहिल्यांदा खाताना ज्यू लोक 'शेहेखियानू' हा आशीर्वाद म्हणतात. या वेळेपर्यंत जिवंत ठेवल्याबद्दल ईश्वराचे ते आभार असतात. क्राकोचे 16व्या शतकातले धर्मशास्त्री मोशे इसर्लेस यांनी नव्या भाज्यांवर तो म्हणण्याची प्रथा नाही असे नोंदवले, कारण भाज्या वर्षभर जमिनीत असतात. शीतगृहे आणि काचघरे आल्यावर आजच्या शास्त्र्यांपुढे तोच प्रश्न अनेक फळांबाबत उभा राहिला: बाराही महिने बाजारात असणाऱ्या फळाच्या 'आगमना'ला अर्थ काय? पण त्याच परंपरेत दुसरा आशीर्वादही आहे, दर वेळी खाण्याआधी म्हणायचा, आणि तो ऋतूवर अवलंबून नाही. टोमॅटोसाठी तो जमिनीच्या फळाच्या निर्मात्याला उद्देशून असतो. मातीविना वाढलेल्या फळावर हाच म्हणावा की सर्वसाधारण अन्नाचा, यावर आधुनिक शास्त्र्यांत मतभेद आहे. सामान्य माणसाला ही चर्चा अतिसूक्ष्म वाटेल. तिच्या मुळाशी मात्र खरी कळकळ आहे. हे अन्न नेमके कुठून आले ते ओळखल्याशिवाय आभार मानायचे नाहीत, असा तो आग्रह आहे.

हीच दुहेरी रचना मराठी घरांत तांदळाभोवती दिसते. कोकणात आश्विनातली पौर्णिमा ही नव्याची पौर्णिमा. शेतातल्या भाताच्या नव्या लोंब्या घरी आणून पूजतात, दाराला बांधतात, नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. वैदिक काळातली आग्रयण इष्टी हाही नवे धान्य खाण्याआधीचा यज्ञच होता. पण तोच तांदूळ वर्षभर ताटात असतो, आणि ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालण्याचा रिवाज पौर्णिमेची वाट पाहत नाही. तो रोजचा आहे. तांदूळ बारमाही मिळतो म्हणून त्याची पवित्रता ओसरली, असे कोणी कधी म्हटलेले नाही. काचघर टोमॅटोकडून पहिली, आगमनाची कृतज्ञता काढून घेते. दुसरी, रोजची, काढून घेण्याची ताकद त्याच्यात नाही. दुसरी अधिक कठीण आहे, कारण तिला आठवण करून देणारे बाहेर काही नसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातले यज्ञचक्र या दुसऱ्या कृतज्ञतेलाच शास्त्र देते: प्राणी अन्नातून, अन्न पर्जन्यातून, पर्जन्य यज्ञातून, आणि जो घेतो पण परत देत नाही तो चोर. काचघरावर पाऊस पडत नाही, हे खरे. पण त्याच्या दिव्यांची बरीचशी वीज हिमनद्यांच्या आणि पावसाच्या पाण्यातून येते, आणि जमिनीखालचे कढत पाणीही एके काळी आभाळातून पडलेलेच असते. चक्र तुटलेले नाही. ते लांबले आहे. लांबल्यामुळे ते दिसत नाही आणि परतफेड कोणाला करायची ते कळत नाही. धरणाखाली गेलेले पठार, खोक्यातला भुंगा, तोडणी करणारा मजूर ही या लांबलेल्या चक्रातली मधली स्थाने आहेत, आणि चोर न होण्याची अट आता तिथे पाळावी लागते.

चवीचा मुद्दाही इथेच येतो. हिवाळ्यातला टोमॅटो बेचव असतो ही तक्रार पुष्कळदा ऋतूवर लादली जाते, पण कारणे बरीच मानवी आहेत. वाहतुकीसाठी फळ हिरवे तोडतात. थंड ठेवले की त्यातले सुगंधी घटक कमी होतात आणि नंतर उबेत आणूनही पूर्वीइतके परतत नाहीत, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. फळ सर्वत्र सारखे पिकावे म्हणून निवडलेल्या एका जनुकीय दोषामुळे साखर घटल्याचे त्याआधी 2012 साली कळले होते. झाडावर पिकून लाल झालेला आणि दूरवर प्रवास न केलेला टोमॅटो जानेवारीतही चांगला लागू शकतो. त्याचा आनंद घेणे हे पाप नाही.

राहतो तो इच्छेचा प्रश्न. स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसने हिवाळ्यात अंजीर मागणाऱ्याला मूर्ख म्हटले, पण त्याचा विषय फळ नव्हता. प्रिय माणसे आपल्याला अंजिरासारखी ठराविक काळापुरती दिलेली आहेत, काळ सरल्यावर त्यांची मागणी करू नये, हे त्याला शिकवायचे होते. काचघराने त्याचा दृष्टान्त निकामी केला. शिकवण जिथल्या तिथे आहे. दृष्टान्त गेल्याचे थोडे नुकसान मात्र मानावे लागते. ऋतूची वाट पाहणे ही लहान मुलांनाही मिळणारी, खर्च नसलेली साधना होती, आणि तिच्या जागी दुसरी सहज सापडत नाही. ज्यू नववर्षाच्या दुसऱ्या रात्री ताटात एखादे नवे, त्या मोसमात अजून न खाल्लेले फळ ठेवून शेहेखियानू म्हणण्याची रीत आहे. ओळखीची फळे वर्षभर मिळू लागल्यामुळे थंड देशांतली कुटुंबे आता त्या रात्रीसाठी लिची, ड्रॅगन फ्रूट अशी दूरदेशीची फळे शोधतात, आणि ती विमानाने किंवा शीतपेटीतून येतात. आगमनाची कृतज्ञता टिकवण्यासाठी आलेल्या या फळालाही वाहतुकीच्या आणि मजुरीच्या किंमतीचा तोच प्रश्न लागू होतो. कोकणातल्या नव्याच्या पौर्णिमेला तो फारसा लागू होत नाही, कारण तिथली लोंबी बांधापलीकडून आलेली असते.